मधल्या खुणेवर चालणारी जीप

१

हे कुणाला सांगायचं नाही असं आईनं मला बजावलंय. एकदा निपाणीहून परत येताना बसमध्ये, कानाशी तोंड आणून. आणि पुन्हा आज सकाळी, तांदूळ निवडत, माझ्याकडे न बघता. सांगायचं नाही म्हणजे बोलायचं नाही, असा मी त्याचा अर्थ घेतलाय. बोलणं मला तसंही जमत नाही. शाळेत बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर मला येत असतं, पण ते ओठांवर येईतो दुसऱ्या कुणीतरी दिलेलं असतं. लिहिताना तसं होत नाही.

आज दुपारनंतर माणसं जीप बघायला येणार आहेत. त्याआधी मला हे लिहून काढायचंय.

आमच्या घरात भुताखेताच्या गोष्टी चालत नाहीत. पप्पा गुरांचे डॉक्टर आहेत. खानापूरकडच्या वाड्यांवर एखाद्या म्हशीनं खाणं सोडलं की लोक म्हणतात, कुणीतरी केलंय. पप्पा जातात, तिच्या पोटातून प्लॅस्टिकच्या पिशव्या काढतात आणि मालकाच्या हातात देऊन म्हणतात, हे घ्या, ह्यांनी केलंय. घरी येऊन ते आम्हाला हे नक्कल करून दाखवतात. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, ते म्हणतात, आणि सापडत नसेल तर आपण नीट बघितलेलं नसतं.

मी नीट बघितलंय.

२

पप्पांची फेरी जांबोटीच्या पलीकडे असते. तिकडं पावसाळ्यात वाट म्हणजे नुसता चिखल. गेल्या श्रावणात त्यांची मोटारसायकल ओढ्यात घसरली आणि ते हाताला प्लॅस्टर घालून घरी आले. तेव्हापासून आईच म्हणत होती, चार चाकांचं काहीतरी बघा. मग दिवाळीनंतर त्यांना कळलं, निपाणीत एकाची जुनी जीप आहे, चारही चाकांना जोर लागणारी, पेट्रोलची पण गॅसवर करून घेतलेली. आम्ही तिघं बघायला गेलो.

जीप एका घराच्या परड्यात, शेवग्याखाली उभी होती. परशराम नावाचा तिचा मालक, पस्तिशीचा असेल, बॉनेट उघडून पप्पांना सगळं दाखवत होता. पेट्रोल लई पिते म्हणून आधीच्या मालकानंच गॅस बसवलाय, म्हणाला. गॅसची टाकी मागच्या सीटच्या पाठीमागे आडवी बसवलेली होती, राखाडी रंगाची, गाभण शेळीच्या पोटासारखी दोन्हीकडून फुगलेली. आणि स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला एक छोटा स्विच. वर केला की पेट्रोल, खाली केला की गॅस. मधे एक पांढरी खूण होती. तिथं असला की काहीच नाही.

परशराम हसत म्हणाला, "आणि चुकून मधे ऱ्हायला तरी काळजी न्हाय ओ. बंद पडत न्हाय ही."

पप्पाही हसले. विकणारा माणूस आपल्या वस्तूचं कौतुक करणारच.

मी सोप्यावर बसले होते. तिथं खुर्चीत परशरामचे वडील मारुतीराव होते, भर दुपारी शाल आणि कानटोपी घालून. परशरामची बायको मालुबाई चहा घेऊन आली. मारुतीरावांनी चहा बशीत ओतला, बशी तोंडाशी नेली आणि ओठांचा चंबू करून फुंकर मारली. चहावरची वाफ हलली नाही. सरळ वर जात राहिली. त्यांनी पुन्हा फुंकर मारली, गालांना खळगे पडेपर्यंत. वाफ तशीच. मग त्यांनी बशी मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मालुबाई पुढं झाल्या, बशी उचलली, स्वतः फुंकून निववली आणि लहान मुलाला देतात तशी त्यांच्या ओठांना लावली. 

परत येताना मी पप्पांना विचारलं. त्यांनी लगेच कारण सांगितलं. निपाणीत निम्म्या लोकांचा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला, फुप्फुसं कामातून जातात. मला ते पटलं. व्यवहार तिथल्या तिथं झाला होता; आम्ही जीपमध्ये होतो, पप्पा चालवत होते, आणि आई कधी नव्हे ती गाणं गुणगुणत होती.

३

आमचं घर हिंडलग्यात, जेलजवळ; मला शाळेत सोडून पप्पा पुढं जात. स्विचचं काम माझ्याकडे होतं. पुढं बसून, त्यांच्या हाताखालून वाकून, मी तो फिरवायचे. जीप पेट्रोलवर सुरू व्हायची. जेलची लांब भिंत सुरू झाली की पप्पा म्हणायचे, आता. मी स्विच मधे आणायचे. मधे असताना पेट्रोल बंद आणि गॅसही बंद. आत उरलेलं पेट्रोल इंजिन पिऊन टाकतं आणि भिंत संपता संपता अडखळायला लागतं. तेवढ्यात स्विच खाली, गॅसवर. दोन्ही एकदम आत गेलं तर इंजिन गुदमरतं, हे पप्पांनी मला समजावून सांगितलं होतं.

एके दिवशी भिंत संपली तरी इंजिन अडखळलं नाही. मी हात पुढं केला.

"राहू दे गं," पप्पा म्हणाले. "बघूया कुठवर जाते."

शाळेच्या फाटकापर्यंत गेली. आवाजही बदलला होता. गॅसवर असताना ती कोरडी, टकटकीत वाजायची. आता मऊ वाजत होती. मी उतरले, तरी पप्पा स्विचकडेच बघत होते. परीक्षेत कठीण गणित सुटल्यावर मुलं दिसतात तसे ते दिसत होते.

४

त्या रविवारी त्यांनी नीट तपासायचं ठरवलं. पेट्रोल नळी लावून डब्यात काढलं. गॅसच्या टाकीचा कॉक हातानं घट्ट बंद केला, मला पिळून बघायला लावला. स्विच मधे. मग किल्ली फिरवली आणि जीप सुरू झाली.

पप्पांनी आईला हाक मारून बाहेर बोलावलं. नळीत कुठंतरी गॅस उरला असेल, म्हणाले, संपेल आता. आम्ही तिघंही उभे राहिलो. आईनं भाजी टाकली होती, ती आत जाऊन परतून पुन्हा बाहेर आली, तरी इंजिन चालूच. आई म्हणाली, तुमचं विज्ञान चालू दे, माझी भाजी करपतीय.

सोमवारी पप्पा तशीच घेऊन जांबोटीला गेले आणि तशीच घेऊन आले. त्यानंतर ते गॅसच्या पंपावर गेलेच नाहीत. कारण त्यांनी रोज वेगळं शोधलं: कॉक आतून गळत असेल, स्विचची वायर चुकीची असेल, काटा चुकत असेल. पण दवाखान्यात कुणाला सांगितलं नाही. का नाही, असं मी विचारलं.

"हसतील की गं," ते म्हणाले. "म्हणतील, गुरांच्या डॉक्टरची गाडी हवेवर चालते."

५

मग थंडी वाढली. जानेवारीत आमच्याकडे सकाळी तोंडातून धूर निघतो. जीपच्या बंद काचा आतून धुरकट व्हायच्या आणि मी त्यांच्यावर बोटानं कन्नडची मुळाक्षरं काढायचे. एका सकाळी माझ्या लक्षात आलं की फक्त माझ्याच बाजूची काच धुरकट होते. पुढच्या काचेवरही धुकं अर्ध्यापर्यंतच होतं, माझ्यासमोरच्या. पप्पांसमोरची काच स्वच्छ होती.

हवा त्यांच्या बाजूनं येत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी तिकडं हात धरून बघितला. हवा येत नव्हती.

पप्पांची चष्म्याची एक सवय आहे. काचेवर हा करायचं आणि शर्टाच्या टोकानं पुसायचं. त्या सकाळी सिग्नलला त्यांनी चष्मा काढला, तोंडाजवळ नेऊन हा केलं. काच होती तशी राहिली. त्यांनी पुन्हा केलं. मग कोरडाच पुसून डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, आज थंडी कमी आहे. मी हो म्हटलं. मी बोलत होते तेव्हा माझ्या तोंडातून धूर निघत होता.

आई मात्र खूश होती. आमच्या घराच्या पायऱ्या उंच आहेत आणि पप्पा अंगानं जाड. आधी ते वर येईतो धापा टाकायचे, आता भाजीची पिशवी घेऊन येतात तरी धाप लागत नाही. फेरीमुळं तब्येत सुधारली, असं ती सगळ्यांना सांगत होती. मी बघत होते की ते लांब वाक्य बोलत नाहीत. मधेच थांबतात, तोंड थोडं उघडं ठेवून, आणि राहिलेलं सोडून देतात. वासरांना बोलावताना ते शीळ घालायचे. ती बंद झाली होती.

६

पप्पांचं घोरणं आमच्या गल्लीत प्रसिद्ध आहे. आई म्हणायची, एक दिवस जेलमधले कैदी तक्रार करतील. रविवारी जेवण झालं की ते आतल्या खोलीत आडवे व्हायचे आणि सुरू. आधी जड करवतीसारखा आवाज, मग एक अडखळ, मग सगळं थांबतं, आपल्याला वाटतं आता काय, आणि शेवटी बारीक शिट्टी. लहानपणी मी त्या शिट्टीची वाट बघत झोपायचे.

त्याच महिन्यात एका रविवारी दुपारी काहीच ऐकू येत नव्हतं. किती शांत झोपलेत बघ, म्हणून आई शेजारी हळदीकुंकवाला गेली. आमच्यात हळदीकुंकू नसतं, पण शेजारणी बोलावतात आणि ती जाते.

मी खोलीच्या दारात उभी राहिले. चादर हलत नव्हती. जवळ जाऊन मी त्यांच्या नाकापाशी हात धरला. काही लागलं नाही. हात गरम होते, गळ्याची शीर उडत होती. मी बराच वेळ हात तसाच धरला असावा, कारण त्यांनी डोळे उघडले.

"काय गं?" आवाज अगदी बारीक होता.

मी म्हटलं, काही नाही, डास होता. त्यांनी डोळे मिटले.

मी बाहेर आले. परड्यात ऊन होतं, दोरीवर कपडे होते, कुणाच्या तरी घरात टीव्ही चालू होता. जीप बंद होती. मी तिचं मागचं दार का उघडलं हे मला सांगता येत नाही. पप्पांची बॅग मागच्या सीटवर असायची. मी तिच्यातून स्टेथोस्कोप काढला, कानांत घातला आणि दुसरं टोक टाकीवर ठेवलं.

आधी नुसतं लोखंड ऐकू आलं, माठाला कान लावल्यावर येतं तसं. मग करवत. मग अडखळ. मग सगळं थांबलं. आणि शेवटी शिट्टी.

मी नळ्या कानांतून काढल्या. घर शांत होतं. पुन्हा घातल्या. करवत, अडखळ. मी कारण शोधलं, खरंच शोधलं. आवाज जमिनीतून येत असेल. पण घरात आवाजच नव्हता. गॅस डोक्यात गेला असेल. पण गळती कळावी म्हणून गॅसला मुद्दाम वास घालतात, हे पप्पांनीच मला शिकवलं होतं, आणि तिथं कसलाच वास नव्हता. बारीक, ओलसर उबदार असं काहीतरी होतं. त्यांच्या उशीला येतं तसं.

टाकीवरचा माझा हात जरा सरकला असेल. आतला श्वास थांबला. शिट्टी आली नाही. कुणीतरी आपलं ऐकतंय हे कळल्यावर माणूस श्वास धरून ठेवतो, तसा तो थांबला होता. मी वाट बघितली. तोही वाट बघत होता.

७

 आई आली तेव्हा मी तिला हाताला धरून परड्यात नेलं आणि नळ्या तिच्या हातात दिल्या. तिनं ऐकलं. तिचं लग्न होऊन अठरा वर्षं झाली, तिला मी काही सांगायची गरज नव्हती. तिनं नळ्या काढल्या, पदरानं पुसल्या आणि जीपचं दार अगदी हळू लावलं, झोपलेल्या माणसाच्या खोलीचं लावतात तसं.

त्या संध्याकाळी तिनं पप्पांना सांगितलं. ते हसले नाहीत. स्टेथोस्कोप मागितला, शर्टाची बटणं काढून स्वतःच्या छातीला लावला. इकडं, तिकडं, बरगडीखाली, खूप वेळ. मग मला जवळ बोलावून माझ्या पाठीला लावला आणि म्हणाले, श्वास घे. मी घेतला. त्यांनी तो बॅगेत ठेवला.

"बिघडलाय हा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बेळगावात मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. एक्स-रे झाला, रक्त तपासलं. सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, थकवा आहे, विश्रांती घ्या. आईनं जीपची किल्ली पिठाच्या डब्यात लपवली. आम्हाला वाटलं, चालवली नाही की थांबेल. पण उभ्या जीपनंही काही फरक पडला नाही. पप्पांचे ओठ जांभळट दिसायला लागले. त्यांचा आवाज रोज थोडा कमी होत गेला आणि मग नुसता ओठांचाच राहिला. ते हाक मारायचे आणि आम्हाला कळायचं नाही. मान वळवली की दिसायचं, ते कधीपासून बोलतायत.

८

आई मला घेऊन बसनं निपाणीला गेली. पप्पांना सांगितलं, शहापुरात साडी बदलायला जातोय.

त्या घराच्या परड्यात मारुतीराव पाणी तापवायच्या बंबापुढं उकिडवे बसले होते. शाल नाही, कानटोपी नाही, अंगात नुसती बंडी. हातात फुंकणी होती. ते बंबात फुंकत होते आणि आत जाळ भडकत होता. आम्हाला बघून त्यांनी फुंकणी खाली ठेवली, आई कोण हे विचारलं नाही, आणि मोठ्यानं, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सुनेला बोलावलं. मग उठून मागच्या दारानं निघून गेले. जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

परशराम घरी नव्हता, किंवा नाही असं सांगितलं गेलं. मालुबाईंनी आम्हाला पाट दिले. आई म्हणाली, जीप परत घ्या, आम्हाला काही नको, तशीच घ्या.

"न्हाय घेणार ओ वैनी," मालुबाई म्हणाल्या. "घरात सगळ्यांनी शपथ घेतलीया."

मग टाकी काढून फेकून देते, आई म्हणाली. पत्रा कापायचा, भंगारात घालायची. मालुबाईंनी आईचा हात धरला. 

"आणि मालकांचा दम आत असताना?"

 मालुबाई हळू आवाजात सांगत होत्या. जीप आमचे सासरे, आप्पाच चालवायचे; तुम्ही ती घेऊन गेलासा त्याच दिवशी दिवेलागणीला ते खोकले. नुसतं खोकले. आम्ही सगळी रडलो. सून असून मी त्यांच्या गळ्यात पडले. तुम्हीबी विका, लवकर विका. भला माणूस बघा. भला माणूस लई चौकशी करत न्हाय.

"आम्हाला का न्हाय सांगितलंसा?" आईनं विचारलं.

"सांगितलं असतं तर घेतली असतीसा?"

त्यांनी चहा ठेवला होता. आम्ही न घेताच निघालो.

बसमध्ये आई खिडकीतून बघत राहिली. संकेश्वर मागं पडलं. मग तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं.

९

जीप विकायची म्हटल्यावर पप्पांनी मान डोलावली. मग आईला जवळ बोलावून ओठ हलवले. मी समोर होते, मला वाचता आलं. गाडीत बिघाड आहे हे घेणाऱ्याला सांग. सगळं सांग.

आई म्हणाली, सांगते.

तिनं ज्याला निरोप धाडला तो उचगावचा नागेंद्रकाका. त्याला ऊस आहे, मळ्याची वाट वाईट आहे, आणि तो वर्षभर अशीच गाडी शोधत होता हे मला ठाऊक होतं, कारण रूपाली त्याची मुलगी आहे. रूपाली माझ्या बाकावर बसते. वर्गात माझ्याशी स्वतःहून बोलणारी ती एकटीच. मधल्या सुट्टीत ती डबा उघडायच्या आधी माझ्या डब्यात काय आहे ते बघते आणि भाजी बदलून घेते. तिची आई ती सहावीत असताना गेली. घरात ते दोघंच असतात.

मी आईला हे सांगितलं. आई म्हणाली, मला माहीत आहे. मग तांदळाचं ताट पुढं ओढलं. रूपालीचे बाबा धट्टेकट्टे आहेत, म्हणाली, आणि तेही पुढं विकतीलच की. माझ्याकडे न बघता ती खडे वेचत होती. ताटात खडे नव्हते.

१०

इथवर मी सकाळी लिहिलं होतं. आता ते आलेत. मी आतल्या खोलीत आहे.

पप्पांना आईनं सोप्यावर खुर्चीत बसवलंय. नागेंद्रकाका त्यांना नमस्कार करून म्हणाले, डॉक्टर, आमच्या तांबडीला तुम्ही वाचवलंसा, तुमची गाडी म्हंजे बघायलाच नको. पप्पा बोलायला लागले. त्यांचे ओठ भराभर हलत होते. काका समजल्यासारखे व्हय, व्हय करत होते. पप्पांनी हात वर करून माझ्याकडे बोट दाखवलं. मग पुन्हा काकांकडे. मी बोलावं म्हणून. मला ते स्पष्ट कळलं. काकांना वाटलं, ते माझी ओळख करून देतायत. काका म्हणाले, ओळखतो की, आमच्या रूपालीची मैत्रीण.

आईनं जीप सुरू करून दाखवली. स्विच कशाचा, असं काकांनी विचारलं, आणि आईनं सांगितलं. वर पेट्रोल, खाली गॅस. मग ती हसली. आई अशी कधी हसत नाही.

"आणि चुकून मधे ऱ्हायला तरी काळजी न्हाय. बंद पडत न्हाय ही."

काका रूपालीला शेजारी बसवून फेरी मारायला गेले. जेलच्या भिंतीपर्यंत जाऊन वळले असतील. आवाज लांब गेला, मऊ झाला आणि परत जवळ यायला लागला. मी पप्पांजवळ उभी होते. ते रस्त्याकडे बघत होते आणि त्यांची मान नाही म्हणत होती. जीप फाटकातून आत आली तेव्हा ते खोकले.

लहानसा खोकला होता. पण आवाज होता. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि ती पाठ वर आली, खाली गेली. आईनं तोंडाला पदर लावला. मला इतका आनंद झाला की मी डोळे मिटले. हे मी लपवणार नाही. मला खरंच आनंद झाला.

डोळे उघडले तेव्हा काका उतरत होते. उतरून ते जीपला हात टेकून उभे राहिले, छातीवर हात फिरवला, आणि हसत म्हणाले, वय झालं बघा, नुसतं बसून दम लागतोय. त्यांच्या मागं, आतमध्ये, रूपाली अजून बसली होती. तिच्या बाजूची काच धुरकट झाली होती आणि ती तिच्यावर बोटानं फूल काढत होती. काकांच्या बाजूच्या काचेतून मला पलीकडचं सगळं दिसत होतं. रस्ता, भिंत, चिंचेचं झाड, अगदी पुसून ठेवल्यासारखं.

मग रूपाली उतरून माझ्याकडे आली. माझा दंड धरून बाजूला नेलं.

"गाडी चांगली हाय न्हवं गं?" तिनं विचारलं. "बाबा म्हणत्यात, उपासना सांगंल तसं करायचं. ती खोटं बोलत न्हाय."

मी म्हटलं, थांब हं, आले. आणि आत आले. दाराला कडी घातली नाही.

सोप्यावर काका तांदळाच्या भावाबद्दल काहीतरी बोलतायत. आई कप मांडतीय. पप्पा पुन्हा खोकले, मघापेक्षा मोठ्यानं, आणि खोकल्यानंतर त्यांनी माझं नाव घेतलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या आवाजात माझं नाव ऐकलं. पुन्हा घेतलं. ते मला कशासाठी बोलावतायत हे मला माहीत आहे, आणि आईलाही माहीत आहे, कारण कप मांडायचा आवाज थांबलाय.

आता आई हाक मारतीय. उपासना, बाहेर ये गं, रूपाली खोळंबलीय. मी जाते. मी तिच्यासमोर उभी राहीन आणि ह्या वेळी दुसऱ्या कुणी उत्तर द्यायच्या आत मी तिला सांगणार आहे की ही गाडी...